वाड्यात बेडरूम नव्हती

पुण्यात घर बघायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: वन, टू की थ्री? पुढचं ‘बीएचके’ म्हणायचीही आता गरज उरलेली नाही. घर केवढं, हे आपण झोपायच्या खोल्या मोजून सांगतो. हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी कसबा किंवा शनिवार पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या मालकाला केला असता, तर तो बुचकळ्यात पडला असता. चौक किती, मजले किती, घर किती खणांचं, हे त्यानं घडाघडा सांगितलं असतं. झोपायच्या खोल्या मात्र त्याला मोजून दाखवता आल्या नसत्या. रात्री वळकटी जिथे सुटेल तिथे झोप.

एक खोली, एक काम, ही समजूत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती फार जुनी असावी असं वाटतं. ती तशी नाही. माझ्या मते घरातल्या बऱ्याचशा भिंती आधी उभ्या राहिल्या त्या कामं वेगळी करायला नव्हे, माणसं वेगळी करायला. धनी आणि चाकर, पुरुष आणि बायका, सोवळ्यातला आणि ओवळ्यातला, घरचा आणि परका. ‘इथे फक्त जेवायचं, तिथे फक्त झोपायचं’ ही वाटणी बरीच नंतरची. विस्तव, पाणी आणि मैला यांची सोय बदलली, तेव्हा कुठे ती परवडायला लागली. हे समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. पुणं आणि आसपासचा परिसर पुरतो.

सुरुवात शिरूर तालुक्यातल्या इनामगावपासून करू. घोड नदीच्या काठी असलेल्या या गावात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती त्यात उजेडात आली. मातीच्या बुटक्या भिंती, वर गवताचं छप्पर. इसवी सनपूर्व १४०० ते १००० या काळातली घरं चौकोनी आहेत आणि काहींत आडभिंती आहेत. त्यात एक घर पाच खोल्यांचं निघालं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. हे गावच्या मुख्याचं घर असावं, असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं. पुढच्या तीनशे वर्षांत पाऊसमान बिघडलं, शेती आटली आणि त्याच गावात लहान लहान गोल झोपड्या आल्या. गोल झोपडीत आडभिंत घालायला वाव नसतो. म्हणजे खोल्या वाढल्या त्या धान्याच्या जिवावर आणि दुष्काळ आला तशा मिटल्या. आणखी एक गोष्ट तिथे दिसते. लहान मुलं दगावली की त्यांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीत पुरत. स्वयंपाक, झोप, साठवण आणि मूठमाती, सगळं एकाच छपराखाली.

आता एकदम पेशवाईत येऊ आणि वाड्याच्या दिंडीतून वाकून आत जाऊ.

मोठ्या दरवाजातच कापलेली ही लहान दिंडी असते. एका वेळी एकच माणूस, तोही मान खाली घालून, आत येऊ शकतो. आत आल्याबरोबर दोन्ही बाजूंना देवड्या, तिथे पहारेकरी. पुढे पहिला चौक आणि त्याच्याभोवती ओसरी. मालकाची बैठक इथेच. कुळं, सावकार, कारकून, जोशीबुवा, सगळ्यांचं काम इथे होतं आणि इथेच संपतं. त्याच्या आतल्या अंगाला माजघर, बायकांचं राज्य. त्याला लागून स्वयंपाकघर आणि देवघर. सगळ्यात मागे परसू: विहीर किंवा आड, न्हाणीघर, गोठा, तुळशीवृंदावन आणि एका टोकाला शेतखाना, म्हणजे संडास.

या क्रमात एक शिस्त आहे. दरवाजापासून जसजसं आत जावं, तसतशी परक्याची मजल कमी होत जाते. कुळ ओसरीच्या पायरीशी थांबतं. पाहुणा ओसरीवर टेकतो. नात्यातली माणसं माजघरात येतात. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायला नातं पुरत नाही, सोवळं लागतं. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला तर दिंडीतूनसुद्धा प्रवेश नाही. कोण कुठल्या उंबऱ्याशी थांबतो, यावरून त्याची जात, ऐपत आणि घराशी असलेलं नातं बिनचूक कळायचं. घरच्या बायकांनाही ही शिस्त लागू होती, फक्त उलट्या बाजूनं: बाहेरच्यांची मजल जिथे संपे, तिथेच त्यांचीही संपे. महिन्याच्या चार दिवसांत तर त्यांना स्वतःच्या माजघरातूनही बाहेर बसावं लागे.

सगळी पुणेरी घरं अशी दोन-तीन चौकांची होती असं कोणी समजू नये. बहुतेकांची घरं दोन-तीन खणांचीच असायची. पण क्रम तोच: पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे चूल आणि त्याच्याही मागे मोरी.

हा ‘खण’ काय असतो ते समजलं की वाड्याच्या खोल्या तशा का, हे आपोआप कळतं. वाडा उभा राहतो तो लाकडी खांबांवर. दोन खांबांवर तुळई टाकायची, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि वर मातीची भरणी. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. सागवानी तुळईला जेवढा पल्ला झेपेल तेवढाच खण मोठा होणार. म्हणून खोल्या अरुंद. हव्या तेवढ्या लांब करता येतात, रुंद करता येत नाहीत. आणि भार खांबांवर असल्यामुळे मधल्या भिंतींना फारसं काम नाही. चार खण मोकळे ठेवून सोपा, म्हणजे उघडं दालन, करा, दोन खणांना लाकडी पडदी घालून खोली करा, पुढच्या पिढीत ती काढून टाका.

बाहेरच्या भिंती मात्र चांगल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. खाली दगड, वर वीट किंवा पांढरी माती. त्या जाडीत घरातलं निम्मं सामान मावायचं. दिव्यासाठी दिवळी, देवासाठी कोनाडा, डबे आणि पोथ्यांसाठी फडताळ, अंगरख्यासाठी आणि पगडीसाठी खुंट्या. शिवाय भिंतीत लपवलेली चोरकोठडी. परिणाम असा की खोलीची जमीन जवळजवळ रिकामी राहायची. माझ्या मते वाडा समजून घेताना ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. आपण कोरीव खांब आणि हंड्या-झुंबरांचे फोटो काढतो, पण मोकळी जमीन हा वाड्याचा खरा ऐवज होता. पहाटे माजघरात जात्यावर दळण व्हायचं. उजाडलं की जातं भिंतीकडेला. दुपारी पाट मांडून पंगत. पाट उचलले, शेण फिरवलं, की तांदूळ निवडायला बायका बसल्या. दिवेलागणीला परवचा. रात्री वळकट्या सुटल्या की तीच जागा निजायची. पाट, चौरंग, वळकटी, समई, सगळ्याच वस्तू उचलून ठेवता येण्याजोग्या. वस्तू हलत होत्या, खोली जागच्या जागी राहून काम बदलत होती.

मग खास एका कामाच्या खोल्या नव्हत्याच का? होत्या. जिथे काम म्हणजे नोकरी होती, तिथे होत्या. सरदारांच्या आणि पेशव्यांच्या वाड्यांत खजिन्याला जामदारखाना, मसलतीला खलबतखाना, मोठ्या स्वयंपाकाला मुदपाकखाना, दरवाजावर नगारखाना. प्रत्येकाचा कारकून वेगळा, हिशेब वेगळा. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ ला, वास्तुशांत. तिथल्या राहण्याच्या दालनांची नावं बघा: आरसे महाल, हस्तिदंती महाल. सजावट कसली हे नावावरून कळतं, आत काय करायचं हे कळत नाही. १८२८ च्या आगीत हे सगळं गेलं. आज आत हिंडताना दिसतात ती दगडी जोती. त्यावर उभं राहून ‘पेशवे झोपायचे कुठे?’ असं विचारणारी मुलं दर रविवारी भेटतात. प्रश्न रास्त आहे, जोत्यांकडे मात्र त्याचं उत्तर नाही.

खोलीला ठरलेलं काम नसण्याचा एक फायदा नंतरच्या पुण्याला फार झाला. वाड्याचं काहीही करता आलं. दुसऱ्या बाजीरावानं हौसेनं बांधलेल्या विश्रामबाग वाड्यात पेशवाई बुडाल्यावर तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे तिथे महापालिकेच्या कचेऱ्याही आल्या. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्यासाठी इमारतीत फेरफार करायची गरज नव्हती. चार खण मोकळे असले की मुली बसवता येतात. आजच्या टू बीएचकेमध्ये वीस मुलींची शाळा काढून बघा. बेड हलवण्यातच पहिला दिवस जाईल. (तो भिडे वाडा २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. शाळेचं स्मारक करायचं आणि शाळेची जागा पाडायची, याला पुण्यात पुष्कळांनी मान डोलावली आणि पुष्कळांनी नाही.)

आता झोपेकडे वळू, कारण सगळा घोळ तिथे आहे.

वाड्यात पुरुष ओसरीवर किंवा माडीवर निजत, बायका-मुलं माजघरात. नव्या जोडप्याला माडीवरची एखादी खोली मिळे, तीही आळीपाळीनं, सणवार आणि सोयर-सुतक सांभाळून. दाराला कडी लावून बसणं हे दिवसा तर अशिष्टच. १८७३ मध्ये लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती रानडे रात्री शिकवत असत. दिवसा घरातल्या बायकांकडून त्यांना त्याबद्दल बोलणी खावी लागत. नवऱ्याबरोबर एकांतात पुस्तक उघडणं हे बंड होतं आणि त्या बंडाला दार बंद होणारी एक खोली लागत होती.

हे फक्त आपल्याकडचं मागासलेपण समजू नका. मध्ययुगीन युरोपात सरदाराच्या घरात मधोमध एक भलंमोठं दालन असे. जमिनीवर मधोमध आग पेटलेली, धूर छपराकडे. तिथेच जेवणं, तिथेच तंटे-बखेडे आणि रात्री तिथेच गवत पसरून चाकरांची झोप. आग भिंतीतल्या चिमणीत गेली, तेव्हा दालनावर माळा टाकता आला आणि धनी वरच्या खोलीत गेला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं तर १७०१ मध्ये आपली निजायची खोली व्हर्सायच्या राजवाड्याच्या बरोबर मध्यावर आणली. राजा उठायचा, तोंड धुवायचा, कपडे चढवायचा, ते दरबाऱ्यांच्या देखत आणि कोणी कितव्या फेरीत आत यायचं याचे नियम ठरलेले. आपल्या ओसरी-माजघराचाच हा दरबारी अवतार. त्या राजवाड्यातली मुख्य दालनं एकातून दुसऱ्यात उघडतात. पाचव्या खोलीत जायचं तर चार खोल्या ओलांडाव्या लागतात.

खासगी खोली शक्य झाली ती एका साध्या युक्तीनं: बोळकांडी. घराच्या मधून एक अरुंद वाट काढायची आणि प्रत्येक खोलीचं दार त्या वाटेवर उघडायचं. मग एका खोलीतून दुसरीत जायला तिसरीत डोकवावं लागत नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यावर रॉजर प्रॅट या वास्तुकारानं कोल्सहिल नावाच्या घरात अशी वाट आणि मागचे जिने आखले. कारण त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं आहे: नोकरमाणसं येता-जाता मालकाच्या आणि पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत. आज आपण जिला पॅसेज म्हणतो आणि ‘एवढी जागा फुकट गेली’ म्हणून बिल्डरशी वाद घालतो, तिचा जन्म असा झाला. एकांत हे पुढे मिळालेलं फळ. मूळ हेतू माणसं नजरेआड करण्याचा.

इंग्रजांनी हीच रीत पुण्याच्या कॅम्पात बंगल्यांसोबत आणली. चारी बाजूंनी व्हरांडा, मध्ये बैठकीची मोठी खोली, बाजूंना निजायच्या खोल्या. स्वयंपाक मागे वेगळ्या खोपटात, नोकरांच्या कोठड्या त्याच्याही मागे. प्रत्येक निजायच्या खोलीला लागून न्हाणी आणि त्या न्हाणीला बाहेरून एक दार, सफाई करणाऱ्यासाठी. पेठांतल्या पांढरपेशांनी साहेबाचा चहा आधी घेतला आणि बंगला नंतर. चहासुद्धा सुखासुखी पचला नाही. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून पुण्यातल्या बड्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झालं, त्यात टिळक आणि रानडे दोघंही होते आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कोण कोणाच्या घरात बसून काय पितो, हा प्रश्न एवढा गंभीर असेल तर दिवाणखाना कुठे आणि स्वयंपाकघर कुठे, हा प्रश्न किती गंभीर असेल याची कल्पना करा. विसाव्या शतकात डेक्कन जिमखाना आणि प्रभात रोडच्या बाजूला मराठी माणसांचे दगडी बंगले उठले, तेव्हा हॉल आणि बेडरूम हे शब्द हळूहळू मराठी झाले.

पेठांत मात्र वेगळंच घडत होतं. पेशवाई गेली, वतनं आटली आणि वाडेवाल्यांनी बिऱ्हाडं ठेवायला सुरुवात केली. एका घराण्याचा वाडा दहा-पंधरा बिऱ्हाडांत वाटला गेला. कोणाच्या वाट्याला ओसरी आली, कोणाच्या वाट्याला अर्धं माजघर. पूर्वी जे घराचं एक अंग होतं, ते आता कोणाचं तरी अख्खं घर झालं. बाहेरची खोली आणि आतली खोली, बस. आतल्या खोलीत चूल, कोपऱ्यात मोरी, मोरीला पडदा. अंघोळ, भांडी, धुणं एकाच हातभर चौकोनात. शेजारी वाढत्या मुलाचा अभ्यास. नळ चौकात आणि संडास मागे, सगळ्यांत मिळून, त्यामुळे सकाळची रांग ठरलेली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरूला डोक्यावर छप्पर मिळालं आणि मालकाला कौलं फिरवायचं कारण उरलं नाही. पुण्यातले कित्येक वाडे सदतीस माणसांच्या भांडणात खचले, असं कोणी म्हटलं तर आकडा चुकेल, आशय नाही.

त्याआधी प्लेग येऊन गेला होता. १८९७ मध्ये रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीनं गोऱ्या सोजिरांना घरोघर झडतीला पाठवलं. रोगी लपवला आहे का, हे बघायला ते थेट माजघरात, स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. उंबऱ्यांची जी उतरंड पिढ्यान् पिढ्या पाळली गेली होती, ती एका सकाळी बुटांखाली गेली. लोकांचा संताप नुसत्या झडतीचा नव्हता. सरकारी माणूस ओसरीवर आला असता तर कोणी एवढं पेटलं नसतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्या इतिहासाची बाकी कारणं आहेतच, पण घराचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय तो राग नीट कळत नाही.

प्लेगनं दुसरीही एक गोष्ट केली. अंधारं, कोंदट माजघर रोगट ठरवलं. उजेड आणि वारा हा तोवर ऐपतीचा भाग होता, तो आता नियमाचा झाला. आज राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर जागा, २.४ मीटर रुंदी आणि २.७५ मीटर उंची मागितली आहे आणि जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात खिडकी. मुंबई-पुण्याच्या बिल्डरांनी या किमान आकड्यांना कमाल मानलं, तो दोष संहितेचा नाही.

आता शेतखाना. या विषयावर घरांचे इतिहास लिहिणारे नाक मुरडून पुढे जातात, आणि तिथेच चुकतात.

जुन्या घरात तो परसाच्या टोकाला असायचा, कारण दुर्गंधी थांबवायचा उपाय अंतर हाच होता. टोपलीचा संडास. खाली पाटी, पाटी मागून काढायची. तिथे पोचायला पेठांतल्या घरांमागे अरुंद बोळ होते. तो मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसांना घराचं पुढचं दार कधी दिसतच नसे. कुठलं काम घराच्या कोणत्या दारातून व्हावं, हे जातीनं ठरवलं होतं आणि नकाशानं ते विटा-मातीत पक्कं केलं. कोरड्या संडासांवर आणि हातानं मैला उचलण्यावर देशात कायद्यानं बंदी यायला १९९३ उजाडलं आणि तोही कायदा अपुरा पडून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

संडास घरात आला तो पाण्याच्या एका वाकड्या नळीमुळे. अलेक्झांडर कमिंगनं १७७५ मध्ये लंडनला ज्या शौचकुपाचं पेटंट घेतलं, त्याच्या खालची नळी एस अक्षरासारखी वळवलेली होती. त्या वळणात थोडंसं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. एवढीच गंमत. पण ते पाणी टिकायला नळ हवा, वाहून न्यायला भुयारी गटार हवं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आणून शहरातले हौद भरले गेले होते, तरी हौदावरून घागर आणावीच लागे. घागरीच्या पाण्यावर फ्लश चालत नाही. गटारं आणि वरच्या मजल्यापर्यंत नळ आले, तेव्हा संडास परसातून निघून मागच्या गॅलरीत आला आणि तिथून घरात. जुन्या ब्लॉकमध्ये आजही संडास-बाथरूम मागच्या गॅलरीच्या टोकाला दिसतात. तो या प्रवासातला मधला मुक्काम. म्हातारी माणसं तेव्हा हबकली होती. देवघराच्या भिंतीपलीकडे संडास, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. त्यांची नातवंडं आता ‘अटॅच्ड’ नसेल तर ती बेडरूमच धरत नाहीत.

चुलीचं स्थलांतर असंच. लाकडाची चूल धूर करते, काजळी धरते, म्हणून ती मागे, जमिनीवर आणि बाई तिच्यापुढे बसलेली. वातीचा आणि पंपाचा स्टोव्ह आला, तसा विस्तव उचलून ठेवण्याजोगा झाला. मग कडप्प्याचा ओटा आला आणि बाई उभी राहिली. या उभ्या स्वयंपाकघराची मोजून मापून केलेली आवृत्ती १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईनं केली: साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, प्रत्येक डबा हाताच्या अंतरावर. सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. त्यात दोन माणसं एका वेळी मावत नव्हती. स्वयंपाक सोपा झाला आणि तो एकटीचाच झाला. आपल्याकडे मुंबईत १९५५ मध्ये घरगुती गॅस विकला जाऊ लागला आणि पुढे पुण्यात सिलिंडरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली गेली. धूर संपला, तसं स्वयंपाकघराला मागे राहायचं कारण उरलं नाही. ओपन किचन हे फॅशनमुळे आलं असं म्हणतात. आधी बर्नरची ज्योत निळी झाली, फॅशन मागून आली.

या सगळ्यात काही खोल्या गेल्याच. बाळंतिणीची खोली गेली, कारण बाळंतपण दवाखान्यात गेलं. अंधारी, उबदार, बाजेखाली शेगडी आणि ओव्याचा धूर, अशी ती खोली आज कोणी मागितली तरी कुठल्या नकाशात बसणार नाही. वर्षाचं धान्य भरणं थांबलं, कोठीची खोली गेली. पिठाची गिरणी आली, जात्याची जागा गेली. देवघराची आधी खोली होती, मग कोनाडा, आता स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांच्या वर एक लाकडी मखर.

पेठांतून बाहेर पडण्याचा मोठा धक्का १२ जुलै १९६१ ला बसला. पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे पाण्यात बसले. हजारो माणसांना गोखलेनगरसारख्या वसाहतींत नवी घरं घ्यावी लागली. १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकी हक्कानं फ्लॅट विकण्याचा कायदा आला आणि पुण्यात सोसायट्यांचे ब्लॉक उठू लागले. सिमेंट-काँक्रीटचे खांब, मध्ये चार-सहा इंचांची भिंत.

त्या पातळ भिंतीनं खोलीचा स्वभाव बदलला. फडताळ नाही, कोनाडा नाही, खुंटी ठोकली तर पलीकडच्या घरात गिलावा पडतो. मग भिंतीतलं सामान जमिनीवर आलं: गोदरेजचं कपाट, शोकेस, बॉक्सचा पलंग. ज्या खोलीत पलंग मांडला ती कायमची झोपायची झाली, कारण तो पुन्हा उचलणार कोण? आज रेरा या घरखरेदीच्या कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जागाही धरली जाते. चौरस फुटाला मोजावे लागणारे पैसे बघता दोन फुटी भिंत कोण घालेल?

हॉलची गत थोडी वेगळी. ओसरी आणि दिवाणखाना यांची मिळून ती गाळीव आवृत्ती. १९७३ मध्ये पुण्यात दूरदर्शन दिसू लागलं. सेट आला तशा खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून होत्या, त्या भिंतीकडे वळल्या. २०२० च्या टाळेबंदीत तोच हॉल ऑफिस झाला, बेडरूम शाळा झाली, जेवणाचं टेबल कॉल सेंटर झालं. महिन्याभरात माणसं म्हणू लागली की घर लहान पडतंय. घर तेवढंच होतं. वळकटीसारखी एकही वस्तू त्यात उरली नव्हती, म्हणून कोणतीही खोली दुसऱ्या कामाला मोकळी करता येईना.

बाणेर-बालेवाडीकडच्या नव्या टॉवरांचे नकाशे जरा निरखून बघण्यासारखे आहेत. स्वयंपाकघरामागे ड्राय बाल्कनी: वॉशिंग मशीन, भांडी घासायचा सिंक, केरसुणी, कचऱ्याचा डबा. परसातलं विहिरीचं आणि मोरीचं काम चार बाय सहात बसवलेलं. महागड्या घरांत त्या बाल्कनीला लागून आणखी एक खोली असते, खाट जेमतेम मावेल एवढी, तिला खिडकी नावापुरती आणि तिचा संडास वेगळा. नकाशात त्यावर ‘सर्व्हंट’ लिहिलेलं असतं, हल्ली काही ठिकाणी ‘युटिलिटी’. बाहेर जायला तिला स्वतःचं दार असतं आणि ते सर्व्हिस लिफ्टपाशी उघडतं. कोल्सहिलचे मागचे जिने आखणाऱ्या प्रॅटला हा नकाशा कोणी समजावून सांगावा लागला नसता.